अमावास्येची केळी

केळं श्वास घेतं, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. आणि मी मूळची रावेरकडची! मागच्या दारातून पाऊल बाहेर टाकलं की केळीची बाग, असं माझं लहानपण. घड कधी उतरवायचा, फणी कशी सोडवायची, फ्रॉकवर चीक पडला की आईचा मार कसा चुकवायचा, सगळं अंगवळणी पडलेलं. पण घड ट्रकमध्ये चढला की आमचा आणि त्याचा संबंध संपायचा. ट्रक धुरळा उडवत निघून गेला की आम्ही पाठ फिरवून घरात जायचो. त्यापुढचं केळ्याचं आयुष्य मी चेन्नईत पाहिलं, आणि त्या आश्चर्यातून अजून पुरती बाहेर आलेले नाही.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी 'दोन वर्षांसाठी' म्हणून इथे आले आणि गेल्या वर्षी इथेच निवृत्त झाले. पेरुंगुडीत घर, पेरुंगुडीतच ऑफिस. शहरभर ताज्या फळांची दुकानं चालवणारी आमची कंपनी. माझं तिथलं काम काय, हे सांगणं नेहमीच अवघड गेलं. विषयाचं नाव ऑपरेशन्स रिसर्च. माझ्या आतेसासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगायच्या, ''आमची सून ऑपरेशनच्या खात्यात आहे, पण तिला रक्त बघावं लागत नाही.'' मी दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं.

खरं तर काम समजायला सोपं आहे. केळी हिरवी कापतात, हिरवीच शहरात आणतात. मग त्यांना एका बंद खोलीत ठेवून दिवसभर थोडा वायू देतात, तोच वायू पिकणारं फळ स्वतःही सोडत असतं. त्यानंतर खोली उघडून हवा खेळवायची आणि रोज थोडं थोडं तापमान बदलायचं. पाचव्या दिवशी फळ पिवळं होऊन दुकानात जातं. यातली मेख अशी, की एकदा वायू दिला की माघार नाही. पिकायला निघालेल्या केळ्याला 'थांब जरा, गिऱ्हाईक नाही' असं सांगता येत नाही. म्हणजे सोमवारी किती लोक केळी घेणार, हे आदल्या बुधवारीच ठरवायला हवं. जास्त पिकवली तर काळी पडून फेकायची, कमी पिकवली तर दुकान रिकामं. खोल्या ठरलेल्या, ट्रक ठरलेले, दुकानं चहूकडे पसरलेली. या सगळ्याचं गणितात एक चित्र काढायचं आणि त्यातून रोजचा प्लॅन काढायचा. त्या चित्राला मॉडेल म्हणतात, आणि ते काढणं हे माझं काम.

हे गणित किती अफाट असतं याची लोकांना कल्पना नसते. एका ट्रकनं दहा दुकानांत माल टाकायचा आहे. कुठल्या क्रमानं जायचं? घरचा हिशेब वाटतो. पण दहा दुकानांना जायचे क्रम होतात छत्तीस लाखांवर. आमच्याकडे दुकानं दहाच नव्हती. पहिल्यांदा मॉडेलनं ट्रकचा क्रम दिला, तेव्हा ड्रायव्हर प्लॅनचा कागद हातात धरून हसतच सुटला. त्याला सगळ्यांत लांबच्या दुकानात आधी पाठवलं होतं आणि वाटेवरच्या दुकानात परत येताना. ''मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरनं कधी मद्रास बघितलंय का?'' तो म्हणाला. गेला कुरकुरत, आणि रोजच्यापेक्षा तासभर आधी परत आला. लांबचं दुकान सकाळी लवकर उघडायचं, वाटेवरचं उशिरा. त्याला रोज त्या बंद शटरसमोर गाडी लावून चहा प्यायची सवय होती. इतक्या वर्षांत ही गोष्ट कुणाच्या नजरेत भरली नव्हती. मी त्या दिवशी डबा उघडा टाकून पडद्याकडे बघत बसले होते. कुठल्याशा मंत्राचा प्रत्यय यावा तसं मला झालं होतं.

तेव्हा मला फार गर्व होता, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या पिकवणीच्या दहा खोल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला होत्या, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांच्या वस्तीत. तिथले सुपरवायझर व्यंकोबाराव. सगळे त्यांना 'राव सार' म्हणायचे. साडेपाच फुटांचा वाळकुडा माणूस, कपाळावर गंधाची बारीक रेघ, आणि खोलीत गारठा म्हणून भर उन्हाळ्यात अंगात हातविणीचा स्वेटर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फोनवर आईशी बोलत होते. माझं बोलणं संपेपर्यंत ते दारात थांबले आणि म्हणाले, ''तुम्ही मराठी कां? आम्हीही मराठीच. तंजावूरचे. पण आमची मराठी ऐकून तुम्ही हंसाल.''

मी हसले नाही. खरं सांगायचं तर थोडी बावरलेच. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली ती मराठी. शब्द जुने, हेल तमिळ. पणजीच्या पत्रातलं कुणीतरी उठून बोलायला लागावं, असं वाटलं.

त्यांनी मला एका खोलीत नेलं. आत क्रेटची छतापर्यंत रास. दात वाजतील असा गारठा.

''हात घाला,'' ते म्हणाले.

मी वरच्या केळ्यांना हात लावला. ''गार आहेत.''

''वर नव्हे, बाई. मधें. अजून आंत.''

मी कोपरापर्यंत हात घातला आणि दचकून बाहेर काढला. आत ऊब होती. त्या गारठ्यात, हिरव्यागार केळ्यांच्या मधोमध, झोपलेल्या मुलाच्या मानेखाली असते तशी ऊब.

''श्वास घेतंय,'' व्यंकोबाराव म्हणाले. ''काल उठवलं. आतां तें आपल्या आपण तापणार. आपण फक्त तें जास्त तापूं नये म्हणून बघायचं.''

पिकवणीला ते 'उठवणं' म्हणत. आज तीन खोल्या उठवल्या, उद्या दोन उठवायच्या. माझ्या मॉडेलमध्ये खोली म्हणजे एक आकडा होता आणि केळं म्हणजे दुसरा. त्या आकड्यांना ऊब नव्हती. घरी जाताना गाडीत मी माझा हात सारखा नाकाशी नेत होते. पुढच्या महिन्यात ती ऊब मी गणितात घातली. खोलीच्या मधल्या आणि कडेच्या क्रेटना वेगवेगळा वेळ दिला. फेकायचा माल दिसण्याइतका कमी झाला. साहेबांनी माझं कौतुक केलं आणि मीही ते मुकाट्यानं घेतलं.

व्यंकोबारावांना सगळंच ठाऊक होतं. केळ्याच्या धारा, म्हणजे सालीच्या कडा, बघून ते सांगायचे, हे आठ दिवस लवकर कापलंय, याला मागच्या खोलीत टाका. एकदा लग्नाची जेवणं करणाऱ्या एक बाई आल्या. पाहुण्यांना तांबूलाबरोबर द्यायला केळी हवी होती. आमच्याकडे हिरव्यापासून डाग पडेपर्यंत केळ्याचे सात रंग मानतात, प्रत्येकाला नंबर. मी विचारलं, ''चार नंबर देऊ की पाच?'' बाईंनी पर्समधून रेशमी साडीच्या काठाचा तुकडा काढला. ''नंबर मला समजत नाही. नवरीची मुहूर्ताची साडी ही. तांबूलाच्या पिशवीतलं केळं असं दिसलं पाहिजे.'' मी कपाळाला हात लावला. व्यंकोबारावांनी मात्र तुकडा उजेडात धरला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, ''सरी. शुक्रवारीं सकाळीं न्या.'' शुक्रवारी त्यांनी तो तुकडा फणीवर ठेवला तेव्हा काठ कुठे संपतो आणि साल कुठे सुरू होते, ते समजेना. बाई खूश होऊन गेल्या. माझ्या सात रंगांच्या मधे आणखी किती रंग होते, ते मी त्यांना विचारलंच नाही.

असा माणूस हाताशी असताना कंपनीला त्याचं ओझं वाटू लागलं. आमचे मॅनेजर सेल्वम यांनी एक दिवस आम्हा दोघांना बोलावलं आणि मला सांगितलं, ''तीन महिने चाचणी घेऊ. मे, जून, जुलै. तुझं मॉडेल जो प्लॅन देईल तो जसाच्या तसा चालवायचा. गुम्मिडिपूंडीत कुणी हातानं बदल करायचा नाही. तीन महिने नीट गेले तर तिथलं सुपरवायझरचं पद बंद. आणि एक दिवस जरी दुकानं रिकामी पडली, तर राव राहतील आणि तुझं मॉडेल जाईल.''

निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती व्यंकोबारावांची. या कामाखेरीज त्यांनी उभ्या जन्मात दुसरं काही केलं नव्हतं. माझी त्या मॉडेलवर चार वर्षं गेली होती. साहेबांनी दोघांनाही हे एकाच मीटिंगमध्ये सांगितलं. बाहेर आल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना. तेच म्हणाले, ''प्लॅन सकाळीं लवकर पाठवा, बाई. उशीर झाला तर खोल्या धुवून होत नाहींत.''

मे गेला, जून गेला. मधे दोनदा काही दुकानांतून 'केळी दुपारीच संपली' अशी ओरड आली, पण बोंब व्हावी इतकी नाही. मी योगायोग म्हणून सोडून दिलं. व्यंकोबाराव प्लॅनप्रमाणे खोल्या उठवत होते, अक्षरालाही धक्का न लावता.

जुलैचा शेवटचा आठवडा तोंडावर आला. चाचणीचाही शेवटचा. आदल्या शुक्रवारी अकराच्या सुमाराला मी टेबलावर मान घालून बसले होते. समोर कुणी उभं राहिलं म्हणून वर पाहिलं तर व्यंकोबाराव. स्वेटरशिवाय मी त्यांना प्रथमच बघत होते. गुम्मिडिपूंडीहून पेरुंगुडी म्हणजे अख्खं शहर ओलांडून यायचं. दोन गाड्या बदलून ते आले होते. काखेत खोलीच्या भिंतीवरचं तमिळ कॅलेंडर, आणि त्याच्या दोरीला खिळा तसाच लटकत होता.

''पुढच्या आठवड्याचा प्लॅन तुमचाच, इल्लिया?'' त्यांनी विचारलं. 'नाही का' ते नेहमी तमिळमध्येच म्हणत.

''हो. का?''

''दहांतल्या चारच खोल्या आज उठवायला सांगितल्यात.''

''आडी महिना चालू आहे, राव. आडीत लग्नं नसतात. तुम्हीच तर सांगितलं होतंत.''

''तें सरी. बुधवारीं काय आहे?''

मी त्यांच्या कॅलेंडरवर पाहिलं. चौकटीत काळा गोळा होता. ''अमावास्या.''

''मग?''

''मग काय? अमावास्येला कोण बाजारात जातं?''

ते खुर्ची ओढून हळूच बसले. ''अय्यो,'' ते म्हणाले. ''मीं वाटेंत म्हणत होतों, कुठें तरी टाइप चुकलं असेल. तुम्हांला खरंच ठाऊक नाहीं.''

मला कसं ठाऊक असणार? आमच्या घरी अमावास्येला नवी वस्तू घेत नसत, प्रवासाला निघत नसत, वडील साधा बैलाचा सौदाही दुसऱ्या दिवसावर ढकलत. इतकी वर्षं चेन्नईत राहून मी इडली घरी वाटायला शिकले होते. अमावास्या मात्र रावेरचीच ठेवली होती. मॉडेलमध्ये सणावारांचा एक रकाना होता. त्यात पोंगलला मी अधिक चिन्ह दिलं होतं, आयुधपूजेला अधिक, आणि सगळ्या अमावास्यांना न विचारता, बिनदिक्कत उणे.

''ह्या गांवांत अमावास्येला लोक नवी गाडी घेतात, बाई. दुकानाचं पहिलं कुलूप उघडतात. इथें तो चांगला दिवस. आणि ही साधी अमावास्या नव्हे, आडी अमावास्या. अस्के लोक, सगळेच, गेलेल्या आई-बापाला पाणी देतात. घरोघरीं पान मांडतात. पानावर केळं नको कां? कावळ्याला घांस ठेवायचा, त्यांत नको?''

''पण मग विक्रीच्या आकड्यांत ते दिसायला हवं होतं,'' मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ''दहा महिन्यांची रोजची विक्री आहे माझ्याकडे.''

आणि बोलता बोलताच मला आठवलं. आकड्यांत ते दिसलं होतं. मधेच एखाद्या दिवशी विक्री एकदम वर उसळायची. दुकानातल्या पोरींनी एक शून्य जास्त दाबलं असेल असं समजून मी ते दिवस वेचून बाजूला काढले होते. त्या फाइलला मी नावही दिलं होतं, 'चुका'.

ती फाइल उघडली. मी एकेक तारीख वाचत गेले आणि व्यंकोबाराव डोळे मिटून, बोटांच्या पेरांवर मागे मोजत गेले. ''अमावास्या,'' ते म्हणायचे. पुढची तारीख. ''तिचा आदला दिवस. लोक आदल्या दिवशीं घेऊन ठेवतात.'' पुढची. ''तई महिन्याची अमावास्या, ती मोठी.'' त्याच्याही मागची. ''महालयाची. तीही मोठी.''

एकही तारीख चुकली नाही. दहा महिन्यांत दहा वेळा चंद्र दिसेनासा झाला होता, आणि शहरातली लाखो माणसं, एकमेकांना न विचारता, उठून केळी घ्यायला गेली होती. गणिताला ते स्वच्छ दिसलं होतं आणि मी ते चूक म्हणून पुसलं होतं. लाज तर वाटलीच, पण त्या क्षणी लाजेपेक्षा नवलच जास्त वाटलं.

''चार वाजेपर्यंत उठवलं तर बुधवारपर्यंत होईल,'' व्यंकोबाराव म्हणाले. ''हिरवा माल कोठींत आहे.''

''तुम्ही सांगा किती खोल्या. मी प्लॅनमध्ये बदलून देते.''

''हातानं नको.''

''म्हणजे?''

''हातानं बदललं तर ह्या वर्षापुरतं. मीं नसेन तेव्हां पुन्हां चुकेल. तुमच्या गणितांतच घाला.''

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काय मागितलं हे त्यांना समजत होतं की नाही, तेच मला समजेना. ते आज आलेच नसते तर बुधवारी दुकानं रिकामी पडली असती, मॉडेल गेलं असतं आणि त्यांची नोकरी राहिली असती. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं.

''राव,'' मी म्हटलं, ''हे गणितात घातलं तर चाचणी पास होईल.''

''ठाऊक आहे.''

''मग तुमचं...''

''ठाऊक आहे, बाई. बारा वाजायला आले.''

मी उणे चिन्हं पुसली, 'चुका' परत जागेवर घातल्या आणि मॉडेल पुन्हा चालवलं. त्याला काही मिनिटं लागायची. तेवढ्यात व्यंकोबारावांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं एक आकडा लिहिला आणि तळहातानं झाकून धरला. पडद्यावर उत्तर आलं: नऊ खोल्या. त्यांनी तळहात बाजूला घेतला. खाली नऊ लिहिलं होतं.

मग मी दुकानवार वाटप उघडलं, आणि एका ओळीवर अडखळले. ''इथे काहीतरी गडबड आहे. कोवलमच्या दुकानाला इतकी? ते मासेमारांचं गाव. तिथे एरवी फणी फणीनं विक्री होते.''

व्यंकोबाराव पुढे वाकले. त्यांनाही ते पटलं नव्हतं हे दिसत होतं. मी तो आकडा कमी करायला हात पुढे केला. तोच त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

''समुद्र!'' ते म्हणाले. ''लोक पाणी द्यायला समुद्रावर जातात, इल्लिया? मीं जन्मभर खोलींत. दुकानं मीं बघितलींच नाहींत. हें माझ्या लक्षांत आलं नसतं.'' ते पडद्याकडे बघत राहिले. ''ह्याला कुणीं सांगितलं?''

''कुणीच नाही. आकड्यांत होतं.''

त्यांनी सावकाश दोन्ही हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही. मग कॅलेंडर काखेत मारून ते निघाले. चारला पाच मिनिटं कमी असताना गुम्मिडिपूंडीहून फोन आला: नऊ खोल्या उठवल्या.

बुधवारी मी पहाटेच चेन्नईच्या दक्षिणेला असलेल्या त्या कोवलमला गेले. घरी आदल्या दिवशी मी दिवे घासून ठेवले होते, आपल्याकडे त्या दिवशी दिव्याची अवस. आणि इथे समुद्र माणसांनी भरला होता. एरवी होड्या ओढून ठेवतात त्या वाळूवर पानं मांडलेली, त्यांवर भात, तीळ, पूवन जातीची आखूड पिवळी केळी. बापे गुडघाभर पाण्यात उभे राहून ओंजळीनं पाणी सोडत होते, प्रत्येक जण ओठांत कुणाचं तरी नाव घेत होता. कावळ्यांची नुसती झुंबड. आमच्या दुकानापुढे रांग लागलेली, आणि फळी रिकामी होते न होते तोच आतून नवा क्रेट येत होता. शुक्रवारी मी ज्याला गडबड म्हणाले होते तो आकडा माझ्यासमोर पाण्यात उभा होता. मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही. गणित करणाऱ्या माणसाला आपला आकडा असा डोळ्यांनी बघायला मिळणं, हे भाग्य फार थोड्यांना मिळतं. मला ते मिळालं.

यापुढचं लिहायला मला कमीपणा वाटतो, पण ते गाळलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

चाचणी पास झाली. तिचा अहवाल मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'जुलैच्या अखेरीस मॉडेलमध्ये आवश्यक सुधारणा करण्यात आली.' कुणी सांगितली, कुणी अख्खं शहर ओलांडून आणून दिली, हे लिहिलं नाही. माणसानं येऊन चूक दाखवली असं लिहिलं असतं तर साहेबांनी चाचणी नापास धरली असती, अशी मला भीती होती. भीती खरी होती. पण ते लिहिलं असतं तर व्यंकोबाराव राहिले असते, हेही तितकंच खरं होतं. मी दोन दिवस त्या वाक्यापाशी अडून बसले आणि तिसऱ्या दिवशी अहवाल जसाच्या तसा पाठवला.

महिन्याभरात पद बंद झालं. त्यांना गेटवर माल मोजायचं काम देऊ केलं होतं; त्यांनी हात जोडून नाही म्हटलं. शेवटच्या दिवशी स्वेटर धुवून, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि गेले, असं मला मागाहून समजलं.

मला त्यांच्या पेरांबूरच्या घरी जायला पाच महिने लागले. पाय उचलत नव्हता. गेले तर गॅलरीत छताच्या कडीला पूवनचा एक घड टांगलेला, आणि ते स्टुलावर चढून त्याचा वास घेत होते. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. कॉफी आली. मी अहवालाचं सगळं सांगून टाकलं, अगदी ते वाक्यसुद्धा.

''वाचलं मीं,'' ते म्हणाले. ''सेल्वम सारनीं दाखवलं होतं.''

''मग तुम्ही बोलला का नाहीत? आणि त्या शुक्रवारी आलात तरी कशाला? गप्प बसायचं होतंत, राव. नोकरी राहिली असती.''

ते कॉफी ओतून गार करत होते. पसरट वाटीसारख्या डबऱ्यातून पेल्यात, पेल्यातून डबऱ्यात.

''मींही तें मनांत आणलं होतं,'' ते म्हणाले. ''गुरुवारीं प्लॅन बघितला. अख्खा दिवस गप्प बसलों. घरीं आलों, जेवलों, आणि मग आईची आठवण झाली. त्या दिवशीं ती येणार, इल्लिया? माझ्या एकट्याची नव्हे, ह्या गांवांतल्या अस्क्यांची येणार. पान मांडलेलं, आणि पानावर केळं नाहीं. 'व्यंकोबा, केळं कुठें?' म्हणाली तर तिला काय सांगूं? नोकरी राखली म्हणून सांगूं?''

त्यांनी पेला माझ्यापुढे ठेवला. ''प्या. आतां गार झाली.''

मी प्यायले. डोळे भरून आले होते ते त्यांनी पाहिलं आणि घडाकडे बोट करून म्हणाले, ''परवां होईल हा. पडद्यावर बघून सांगा बरं, किती वाजतां?'' आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

त्यानंतर मी अधूनमधून जात राहिले. तीन वर्षांपूर्वी ते गेले. झोपेतच, त्रास न होता. त्यांच्या मुलानं फोन करून सांगितलं. वर्षश्राद्ध झालं, आणि मग आली आडी अमावास्या. मी तेव्हा नोकरीवर होते. पाच दिवस आधी, शुक्रवारीच, मॉडेलनं प्लॅन दिला. कुणी हात लावायची गरज नव्हती. कित्येक वर्षं तो रकाना बिनचूक चालला आहे. मी रिवाजाप्रमाणे दुकानवार आकडे तपासत खाली आले. कोवलम बरोबर होतं. पेरांबूर बरोबर होतं. पुढे जायला हवं होतं, पण त्या ओळीवरून नजर हलेना.

त्या घरी या वर्षी मुलगा पान मांडणार होता. पेरांबूरच्या आकड्यातली एक फणी व्यंकोबारावांसाठी होती.

मी प्लॅन पाठवला. चार वाजता गुम्मिडिपूंडीहून निरोप आला, सगळ्या खोल्या उठवल्या.